मीनलनं केलेली कानातली

मीनल,

तू गेल्यापासून भेटायला येणारं प्रत्येक माणूस मला एकच विचारतं, ‘तुमचं शेवटचं बोलणं काय झालं गं?’ मी सांगते, प्रदर्शनाबद्दल काहीतरी. हे खरं आहे, पण अर्धंच. आपण समोरासमोर शेवटचं नीट बोललो ते माजिवड्याच्या पुलाखाली, आणि ते बोलणं नव्हतं, भांडण होतं. त्यानंतर आपल्यात उरलं ते ‘पार्सल मिळालं’, ‘तार संपत आलीय’, ‘बघते’ एवढंच. ते भांडण तसंच टाकून तू निघून गेलीस. आता दोन्ही बाजूंनी मीच भांडते. तुझी बाजू मांडताना तर जरा जास्तच जोर येतो मला.

कोलशेतच्या खाडीकाठी बेबीआत्याच्या घराची पुढची खोली आपण भाड्यानं घेतली, तेव्हा ‘काठ’ हे नाव तूच ठेवलंस. मी म्हटलं होतं, ‘अगं, गॅलरी समुद्राकाठी असते. इथे नुसता चिखल आहे.’ तू खिडकीशी उभी होतीस. म्हणालीस, ‘उज्ज्वला, हा समुद्रच आहे. फार लांबून चालत आलाय, म्हणून पाय मळलेत त्याचे.’ मी हसले. पण पहिल्या दिवशी आलेल्या बायकांना मी तेच वाक्य माझं म्हणून ऐकवलं.

तुझ्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं, आणि तू दागिने करायचीस ते तिसऱ्यांच्या शिंपल्यांचे. बेबीआत्याकडे कालवण झालं की उरलेले शिंपले ती पिशवीत बांधून तुझ्यासाठी खुंटीला अडकवायची. तू ती पिशवी थेट डोंबिवलीला न्यायचीस, सोडा घातलेल्या बादलीत ते शिंपले भिजत घालायचीस आणि बादली बाल्कनीत ठेवायचीस. शेजारच्या वहिनींनी एकदा नाक मुरडून विचारलं होतं, ‘मीनलताई, तुमच्याकडे मासे कधीपासून?’ तू बादलीत हात घालून एक शिंपला वर काढलास आणि म्हणालीस, ‘मासे नाहीत हो. तुमच्या कानातलं आहे, अजून व्हायचंय.’ पुढे त्याच वहिनींनी मुलीच्या साखरपुड्याला तुझी कानातली घातली. तू काही बोलली नाहीस. मी बोलले असते.

सुहासला झटका आला त्याच्या आधीची तू आणि नंतरची तू, या दोन्ही बायका मला ठाऊक आहेत. कॉलेजात आपण तिघं एकाच बाकावर बसलेले, त्यामुळे तो माझ्यासाठी फक्त तुझा नवरा कधीच नव्हता. पण उजवी बाजू गेली, बोलणं तुकड्यातुकड्यात आलं, आणि तो चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत राहिला. लिफ्ट नाही. बिल्डिंग पाडून नवीन बांधायची, मग लिफ्ट येणार, असं सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ठरायचं. तू पलंगाशेजारी टेबल लावलंस, त्यावर छोटं ड्रिल मशीन ठेवलंस, आणि घर सोडणं जवळजवळ थांबवलंस. आधी आठवड्यातून चारदा ‘काठ’वर यायचीस, मग दोनदा, मग सांभाळायच्या बाई आल्या तर. आलीस तरी एक डोळा घड्याळावर. एकदा एक बाई विचारत होती, एवढ्या पातळ शिंपल्याला तुम्ही भोक कसं पाडता, तडा जात नाही का? तू मन लावून सांगायला लागलीस, पाण्यात बुडवून धरायचा, घाई करायची नाही, आणि फोन वाजला. वाक्य अर्धं ठेवून तू रिक्षात बसलीस. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. ‘मग पुढे काय करायचं?’ तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून माझ्या मनानं घेतलं होतं की तुला एकदा तरी तिथून बाहेर काढायचं. म्हणून वेंगुर्ल्याचं बोलावणं आलं तेव्हा मी तुला विचारलंच नाही, होच कळवून टाकलं. अगदी वाळूला लागून असलेली छोटी गॅलरी, आठवडाभराचं प्रदर्शन, फक्त तुझं काम. केतकी बंगलोरहून रजा काढून बापाजवळ राहायला आली. मी गाडी ठरवली. ‘काठ’वरून खोकी भरली. तू स्वतःच्या हातानं प्रत्येक जोड कापसात गुंडाळलास, कपड्यांची पिशवी भरून आणलीस, गाडीत बसलीस, आणि माजिवड्याच्या सिग्नलला म्हणालीस, ‘थांबव.’

‘काय विसरलीस?’

‘काही नाही. मी नाही येत.’

‘मीनल, केतकी आहे ना घरी.’

‘केतकीला त्याची कूस नीट बदलता येत नाही. आणि तिच्यासमोर तो बोलत नाही गं, दुखलं तरी.’

‘मग दुखू दे जरा. आठवडाभर दुखून माणूस मरत नाही.’

तू माझ्याकडे पाहिलंस. जे बोलले ते मी आजही मागे घेणार नाही. सुहासवर माझा जीव आहे म्हणूनच घेणार नाही. मी पुढे म्हटलं, ‘खरं सांगू? तुला सुटायचंच नाहीये.’

‘सुटून जायचं कुठे?’ तू विचारलंस. अगदी साधेपणानं, पत्ता विचारावा तसं.

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. तू पर्स घेऊन उतरलीस, गाड्यांमधून वाट काढत पलीकडे गेलीस आणि रिक्षात बसलीस. पिशवी मागच्या सीटवरच राहिली.

वेंगुर्ल्याला ती पिशवी मी माझ्या खोलीत ठेवली होती. तुझी साडी नेसून तुझ्या वतीनं हजर राहावं असं वाटून एका दिवशी उघडली, तर वर लेबल न काढलेली रबरी चप्पल होती, वाळूत चालायची. म्हणजे तुला यायचं होतं. हा मुद्दा मी तुझ्यासाठी राखून ठेवला होता, पुढच्या भांडणात काढायचा म्हणून. लोक आले, समुद्राकडे पाठ करून तुझं काम बघत उभे राहिले. मी फोटो पाठवले. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

आणि मग ती दुपार.

जे झालं ते मला सुहासनं सांगितलं, थांबत थांबत, एकेक शब्द गोळा करत. जेवणं झाली होती. तू टेबलाशी बसून भोकं पाडत होतीस. तू ‘अगं आई’ असं काहीतरी म्हणालीस आणि खुर्चीवरून खाली घसरलीस, पलंग आणि दार यांच्या मध्ये. मशीन चालूच राहिलं. त्यानं हाका मारल्या. त्याचा आवाज तुला माहीत आहे, पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नाही. डाव्या हातानं त्यानं पाण्याचं भांडं खाली पाडलं, मग औषधांचा डबा. शेजारी घरात होते. पण त्यांना ड्रिलचा आवाज येत होता, आणि ड्रिलचा आवाज म्हणजे मीनलताई कामाला बसल्यात, सगळं ठीक आहे. फोन टेबलावर होता. तो वाजला तेव्हा पडद्यावर माझं नाव आलेलं त्यानं वाचलं. बेबीआत्यानं शिंपल्यांची पिशवी भरून ठेवली होती, ते सांगायला मी केला होता फोन. तो वाजून थांबला. मी समजले, अजून रुसली आहेस.

सांभाळायच्या बाई संध्याकाळी स्वतःच्या किल्लीनं आत आल्या. तोवर मशीन तापून बंद पडलं होतं. ‘बंद झालं... तेव्हा कळलं,’ सुहास मला म्हणाला, ‘की ती... उठणार नाही. ती... चालू ठेवून कधी... जात नाही.’

तू म्हणशील, हे कशाला सांगतेस मला. कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही गं. झोपायला डोळे मिटले की मी त्या पलंगावर असते आणि फोन वाजत असतो.

दिवस झाले आणि केतकीनं स्वयंपाकघरात मला बाजूला घेतलं. ‘मावशी, बाबांसाठी टिटवाळ्याला एक जागा बघितलीये. चांगली आहे. चोवीस तास माणसं असतात. आई असती तर हे तोंडातून काढल्याबद्दल तिनं मला घरात घेतलं नसतं, पण मी काय करू?’ ती रडायला लागली. मला आठवत होतं. मागे एकदा तिनं असाच विषय काढला होता तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘माणूस म्हणजे माळ्यावर टाकायची अडगळ आहे का?’ त्यानंतर पोरीनं पुन्हा नाव काढलं नाही.

मी सरळ आत सुहासकडे गेले. तुझ्या वतीनं लढायचं असं ठरवून गेले होते. म्हटलं, ‘तू काळजी करू नकोस. मी आहे. तुला कुठेही पाठवू देणार नाही.’

त्यानं मान हलवली. ‘मला... जायचंय.’

मला वाटलं, त्याचा शब्द चुकला. कधी कधी चुकतो. ‘कुठे जायचंय?’

‘टिटवाळा. तळमजला आहे. दार उघडलं की... अंगण.’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘केतकीनं... फोटो दाखवले होते. तेव्हाच.’

‘मग मीनलला बोलला नाहीस?’

तो डाव्या हातानं चादरीची घडी सरळ करत होता. ‘बोललो. दोनदा. तिसऱ्यांदा ती... रडली. मग सोडून दिलं.’

‘पण का?’

‘एवढं करत होती. तिला कसं सांगू... मला कोंडल्यासारखं होतं?’

मी उठून बाल्कनीत गेले. तुझी बादली तिथेच होती, पाणी आटून तळाशी पांढरी साय धरलेली. मला तुझा इतका राग आला, मीनल, की ती बादली मी वरून खाली फेकली असती. इतकी वर्षं मी समजत होते की त्या माणसानं तुला बांधून ठेवलंय. तू समजत होतीस की तू दाराबाहेर पाय टाकलास तर तो संपेल. आणि तो, तुझं मन मोडेल म्हणून, एका खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत बघत पडून होता. तू त्याच्यासाठी घरात, तो तुझ्यासाठी घरात. कुणी कुलूप लावलं नव्हतं. नुसतं विचारायचं होतं. पण तुम्हा दोघांचं प्रेम असं, की विचारणंच अपमान झाला असता.

राग ओसरला तेव्हा दुसरंही आठवलं, तेही सांगायला हवं. एवढ्या वर्षांत त्याच्या पाठीवर एक जखम झाली नाही. तपासायला येणारे डॉक्टर दर वेळी त्याला कुशीवर वळवून बघायचे आणि तुझ्याकडे बघायचे. कूस बदलण्याचं तुझं खरंच होतं. केतकीच्या त्या आठवड्यात त्याला दुखलंच असणार, आणि तो बोललाच नसणार.

आणि मला तू काय दिलंस? माझ्या नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा मी शहाडच्या भावाकडे जाऊन पडले होते. भिंतीकडे तोंड करून. तू तिथे आलीस. वहिनीनं केलेला चहा प्यायलास, माझी चौकशीसुद्धा केली नाहीस. निघताना एक किल्ली माझ्या उशाशी ठेवलीस. ‘खाडीजवळ एक खोली बघितलीये. माझ्यानं रोज जमणार नाही. तू उघडत जा.’ मी म्हटलं, ‘मला दागिन्यांतलं काय कळतं?’ तू म्हणालीस, ‘दार उघडण्यातलं तर कळतं ना?’ जिला पुढे स्वतःच्या दारातून बाहेर पडता येईना, तिनं मला आधीच एक दार देऊन ठेवलं होतं. याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. तू मानूही दिले नसतेस, ‘नाटकं करू नकोस’ म्हणाली असतीस.

तू गेल्यावर मी ‘काठ’ उघडत होते, पण तुझ्या फळीवर चिठ्ठी लावली होती, ‘विक्रीसाठी नाही’. दुसऱ्यांच्या मातीच्या वाट्या, विणलेल्या पिशव्या, रंगवलेल्या पाट्या होत्या, त्या जात होत्या. पण लोक यायचे ते तुझ्याच फळीशी थांबायचे. हात लावू का, विचारायचे. मी नको म्हणायचे. विकलं तर तू थोडी थोडी संपत जाणार. नाही विकलं तर ती फळी राखत मी तिथे बसणार, आज, उद्या, जन्मभर. मी खुर्ची ओढून फळीसमोर बसायला लागले होते. बेबीआत्या चहा घेऊन आली, चिठ्ठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिला वाचता येत नाही, पण अर्थ तिला कळला होता. म्हणाली, ‘गो बाय, हे दुकान हाय का देवघर?’

चहा गार झाला.

आता टिटवाळ्याचं आधी सांगते, म्हणजे तुझा जीव त्यात अडकणार नाही. सुहास परवा तिथे गेला. खोली स्वच्छ आहे, भिंतीचा रंग मात्र भयंकर आहे, तुला बघवला नसता. कूस कशी बदलायची ते तिथल्या बाईंना त्यानं स्वतः सांगितलं, बोलून, मी ऐकलं. अंगणात चिकूचं झाड आहे. तो ठीक आहे. रडतो. पण अंगणात बसून रडतो.

मात्र जायच्या आधी त्यानं एक अट घातली होती. आधी ‘काठ’, मग टिटवाळा. केतकी म्हणाली, ‘बाबा, ते उलट्या दिशेला आहे.’ तो म्हणाला, ‘असू दे.’

त्याला खुर्चीला बांधून चार जणांनी खाली आणलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी व्हायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा. मजल्यामजल्यावर लोक दारात येऊन उभे राहिले. नव्यानं राहायला आलेल्या एका सुनेनं आपल्या सासूला विचारलेलं मी ऐकलं, ‘हे कोण?’ ती त्याच्या खालच्याच मजल्यावर राहते, मीनल, आणि तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. खाली आल्यावर तो ‘थांबा’ म्हणाला. सगळे घाबरले. त्याला काही नको होतं. उन्हात तोंड वर करून तो थोडा वेळ नुसता बसला.

कोलशेतला बेबीआत्यानं आपल्या पडवीची फळी काढून उंबऱ्यावर टाकली होती, त्यावरून खुर्ची आत गेली. तुझ्या फळीसमोर मी त्याला नेलं. तो एकेक जोड बघत होता. काही वेळा ओळख पटल्यासारखी मान हलवायचा. तांब्याच्या तारेतली ती मोठी जोडी होती ना, एकाच शिंपल्याचे दोन भाग उघडून दोन कानांना केलेली, तिच्यापाशी थांबला.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. पलीकडच्या टॉवरमध्ये राहणारी असावी, ऑफिसचं कार्ड गळ्यातच होतं. ती सरळ त्याच जोडीकडे गेली. ‘कितीला आहेत?’

‘ती विकायला नाहीत,’ मी म्हटलं. पाठ झालं होतं मला.

सुहासनं मान वळवली. ‘मग... कशाला केली तिनं?’

केतकी दारातून माझ्याकडे बघत होती. मुलीला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. ‘सॉरी,’ म्हणून ती मागे सरकली.

‘घाल,’ सुहास तिला म्हणाला. ‘बघू दे.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठी काढली, चुरगळून मुठीत धरली, आणि जोडी तिच्या हातावर ठेवली. आरशासमोर उभी राहून तिनं ती घातली. केस मागे घेतले, मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि स्वतःशीच हसली.

सुहास तिच्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तुझी प्रत्येक जोडी त्यानं होताना पाहिली होती. चादरीवर पडलेली, कागदावर मांडलेली, कापसात गुंडाळलेली. पण तुझे दागिने व्हायचे चौथ्या मजल्यावर आणि लोक घालायचे ते खाली, बाहेर. तू स्वतः तर काम करताना कान मोकळेच ठेवायचीस. पलंगावर पडल्यापासून कुणाच्या कानात त्यानं ती बघितलीच नव्हती.

मी डबी द्यायला गेले तर मुलगी म्हणाली, ‘नको काकू, घालूनच जाते.’ ती खाडीच्या बांधावरून भराभर चालत निघाली, फोनवर कुणाशी तरी बोलत, मान हलवत. ऊन शिंपल्यांवर पडत होतं. सुहासनं खुर्ची दारापर्यंत न्यायला लावली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

‘हलतात,’ तो म्हणाला.

मला वाटलं, मला काही सांगतोय. मी वाकले. पण तो माझ्याशी बोलत नव्हता. त्यानं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, लागेल तेवढा दम घेऊन, ‘मीनल... हलतात गं.’